वॉर्ड नऊमध्ये कोणीही चालत नाही

आमच्या शहरात एकूण चौदा वॉर्ड आहेत आणि त्यांपैकी नऊ नंबरच्या वॉर्डात एकही माणूस कामावर चालत जात नाही, हे विधान मी स्वतः टाइप केलं, स्वतः तपासलं आणि त्याखाली 'तपासले' म्हणून स्वतः सही केली. मी वॉर्ड नऊमध्ये राहतो. ज्या दिवशी सही केली त्या दिवशीही मी ऑफिसला चालतच गेलो होतो.

मी महापालिकेच्या सांख्यिकी विभागात वरिष्ठ सहायक आहे. वरिष्ठ अशासाठी, की माझ्या हाताखाली कोणी नसलं तरी पंख्याखालची खुर्ची माझी आहे. आमचे साहेब कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि येताना डोक्यात एक तक्ता घेऊन आले. कोणत्या वॉर्डातले किती लोक कामावर पायी जातात, किती सायकलनं जातात आणि किती गाडीनं, याची तुलना. तक्ता हवा, रंगीत हवा आणि महिन्यात हवा. असले तक्ते एरवी मी मागच्या वर्षीचे बघून करतो, पण हा मागच्या वर्षी नव्हता. त्यामुळे खरी माहिती गोळा करण्याची वेळ आली, जी आमच्या विभागावर सहसा येत नाही.

घरोघरी फॉर्म वाटायचे तर कागद लागणार. भांडार विभागानं कळवलं की कागद पुढच्या तिमाहीत येईल. तेव्हा मला ती कल्पना सुचली. प्रत्येक इमारतीला एकच मोठा तक्ता द्यायचा, तो लिफ्टजवळ चिकटवायचा, शेजारी दोरीला पेन बांधायचं आणि येता-जाता ज्यानं त्यानं आपल्या घरापुढची ओळ भरायची. घर क्रमांक, कुटुंबप्रमुखाचं नाव, कामावर जाण्याचं साधन. साहेब "वा" म्हणाले. एकोणीस वर्षांच्या नोकरीत साहेब लोकांनी मला पहिल्यांदाच "वा" म्हटलं होतं, त्यामुळे मी ते घरी जाऊन दोनदा सांगितलं.

"म्हणजे प्रत्येकानं सगळ्यांच्या देखत लिहायचं?" ताईनं विचारलं.

"हो. एकदम पारदर्शक."

"मग खरं कोण लिहील?"

मी हसलो. ताई वाचनालयात काम करते, तिला माणसांपेक्षा पुस्तकांची सवय, असं म्हणून मी तो विषय तिथंच सोडला.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्याकडेच राहते. लहानपणीच्या एका दुखण्यात तिचा डावा पाय आखूड राहिला, त्यामुळे ती काठी घेऊन चालते, पण चालते. घरापासून वाचनालय पाऊण किलोमीटर. मधे मोठा रस्ता आणि त्याच्या कडेनं आमचा फुटपाथ, चांगला सहा फूट रुंद, सपाट, कुठं पायरी नाही की उंचवटा नाही. या फुटपाथवरून ताई अठ्ठावीस वर्षं एकटी जाते आणि एकटी येते. रिक्षात तिला चढता येत नाही, बसची पायरी तिच्या पायाला झेपत नाही, आणि कोणी हात धरला तर ती असं बघते की हात आपोआप सुटतो. वाचनालयाची किल्ली तिच्याकडे असते. ती गेल्याशिवाय वाचनालय उघडत नाही, ही गोष्ट ती कधी बोलून दाखवत नाही, पण किल्ली मात्र पर्समध्ये वरच ठेवते.

तर आमच्या इमारतीत तक्ता लागला. पहिल्या मजल्यावर सेक्रेटरी राहतात. पहिली ओळ त्यांची. त्यांनी लिहिलं, 'कार (स्वतःची)'. झालं. आता त्या ओळीखाली 'चालत' असं लिहायला वाघाचं काळीज हवं, आणि आमच्या इमारतीत तसं कोणी नाही. दुसऱ्या ओळीत दंतवैद्यांनी लिहिलं, 'कार'. तिसऱ्या ओळीत गणिताच्या सरांनी 'कार' लिहून पुढं कंसात 'मोठी' असंही लिहिलं. संध्याकाळी मी बघायला गेलो तेव्हा आमच्या घरापुढं माझं नाव होतं, बायकोचं अक्षर होतं आणि साधन 'कार' होतं.

"अहो, आहे ना आपल्याला कार?" बायको म्हणाली.

"आहे. पण ती दोन वर्षांत हललेली नाही."

"हलते की नाही असं कुठं विचारलंय? आणि सगळ्यांच्या मधे आपणच 'चालत' लिहायचं? पुढच्या वर्षी पोरीसाठी स्थळं बघायची आहेत आपल्याला."

मी खोडरबर शोधला, पण पेन शाईचं होतं. शिवाय खरं सांगायचं तर मी तो फार मनापासून शोधला नाही. आमची कार खरोखर आहे. इमारतीच्या मागच्या बाजूला कव्हर घालून उभी असते. महिन्यातून एकदा आम्ही कव्हर धुतो. गाडी काढली तर ती जागा जाते आणि ऑफिसकडं लावायला जागा मिळत नाही, म्हणून काढायची नाही असं ठरलंय.

आमच्या भागात सगळ्यांचं असंच आहे. सकाळी नऊ वाजता त्या फुटपाथवर पाय ठेवायला जागा नसते. सगळा वॉर्ड कामावर चालत निघालेला असतो आणि चालत निघाल्याचं कोणीच कबूल करत नाही. सेक्रेटरी बोटात गाडीची किल्ली फिरवत चालतात, "गाडी जरा पुढं लावलीय" म्हणतात. ती गेली सहा वर्षं पुढंच लावलेली आहे. दंतवैद्यांची गाडी सर्व्हिसिंगला असते. गणिताच्या सरांची गाडी मुलानं नेलेली असते, आणि मुलगा तीन वर्षांपूर्वी परदेशी गेला. मी पाठीसाठी चालतो. आम्ही एकमेकांना ही कारणं रोज सांगतो आणि रोज मान डोलावून ऐकून घेतो. त्या गर्दीत काहीही कारण न सांगता चालणारी एकटी ताई.

महिन्यानं आकडे जमले आणि मी कपाळाला हात लावला. वॉर्ड नऊ, चालणारे शून्य, सायकलवाले शून्य. वॉर्ड दोनमध्ये बंगलेच बंगले आहेत. तिथं कोणाला गाडी सिद्ध करून दाखवायची गरज नसते, म्हणून त्रेसष्ट टक्के लोकांनी 'सायकल' असं लिहिलं होतं. हे लोक रविवारी सकाळी तंग कपडे आणि हेल्मेट घालून तळ्याला चक्कर मारतात आणि सोमवारी ड्रायव्हर त्यांना कामावर सोडतो, हे अख्ख्या शहराला ठाऊक आहे. वॉर्ड बारा हा कारखान्यांमागचा. तिथं शहाण्णव टक्के चालत.

साहेबांना तक्ता फार आवडला. शून्य हा आकडा त्यांना विशेष आवडला, कारण तो लाल रंगात उठून दिसत होता. त्यांनी बैठक बोलावली आणि निर्णय घेतले. वॉर्ड दोनला सायकलमार्ग. वॉर्ड बारामध्ये फुटपाथ नाहीत आणि तरीही शहाण्णव टक्के लोक चालतात, म्हणजे चालायला फुटपाथ लागत नाही हे सिद्ध झालं, सबब तिथं काही नाही. आणि ज्या वॉर्डात एक टक्क्याहून कमी लोक चालतात, तिथला फुटपाथ काढून रस्ता रुंद करावा. असा वॉर्ड एकच होता.

मी उभा राहिलो. म्हटलं, "साहेब, नऊचा आकडा पुन्हा एकदा तपासायला हवा. तिथं काही लोक चालत असावेत."

"तुम्ही तिथंच राहता ना?" साहेब म्हणाले. "तुम्ही स्वतः कसे येता?"

खोलीत अकरा जण होते. रस्ते विभागाचे अभियंते होते, दर महिन्याला गाडी बदलण्याच्या गोष्टी करणारे लेखापाल होते, चहा घेऊन आलेला शिपाईसुद्धा थबकून ऐकत होता. ताईची काठी माझ्या डोळ्यांपुढं आली. ती फुटपाथवर टेकते तेव्हा होणारा आवाजही आठवला. मी म्हणालो, "कारनं."

आयुष्यात माणूस बरंच खोटं बोलतो आणि विसरतो. हे मी विसरलेलो नाही. खोटं बोलल्याची लाज वाटली, पण खरं सांगायची लाज त्याहून मोठी होती, आणि मोठी लाज जिंकली.

घरी ताईला सांगावंच लागलं. फुटपाथ जाणार म्हटल्यावर ती जेवता जेवता थांबली.

"मग मी कुठून जाऊ?"

"मी काहीतरी करतो."

"तुझा तक्ता ना तो?"

"माझाच."

तिनं भात संपवला आणि ताट स्वतः उचलून नेलं. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

नियमाप्रमाणे आक्षेप घ्यायला पंधरा दिवस होते. 'मी कामावर चालत जातो/जाते' असा मजकूर आणि खाली पन्नास सह्या. मी अर्ज घेऊन फुटपाथवरच उभा राहिलो. फुटपाथ राहिलाच पाहिजे, याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. सेक्रेटरी तर म्हणाले की हा अन्याय आहे, आपण आडवे पडू. मी पेन पुढं केलं तेव्हा मात्र त्यांनी मजकूर वाचला आणि चष्मा पुसायला घेतला.

"हे 'चालत जातो' जरा थेट वाटतं हो. 'कधीमधी' घाला."

"'चालण्याची आवड आहे' असं लिहा," दंतवैद्य म्हणाले.

गणिताच्या सरांनी तोडगा काढला. "एक कारणाचा रकाना घाला. कारण असलं की माणसाला चालता येतं."

मी रकाना घातला. गणिताच्या सरांनी पहिली सही केली आणि कारणापुढं लिहिलं, 'डॉक्टरांच्या सल्ल्यानं'. मग काय विचारता. सेक्रेटरी, डॉक्टरांच्या सल्ल्यानं. खुद्द दंतवैद्य, डॉक्टरांच्या सल्ल्यानं. दोन दिवसांत त्रेपन्न सह्या झाल्या. मीही 'पाठ, डॉक्टरांच्या सल्ल्यानं' असंच लिहिलं. शेवटची सही ताईची. तिनं कारणापुढं लिहिलं, 'वाचनालय उघडायचं असतं'.

अर्ज दिला आणि मी आठ दिवस स्वस्थ झोपलो. नवव्या दिवशी सकाळी फुटपाथवर आरोग्य विभागाची मोठी गाडी येऊन उभी राहिली. तिच्यावर फलक होता, 'हृदयविकार तपासणी, अतिजोखमीचा रस्ता'. एकाच रस्त्यावरच्या बावन्न जणांना डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हटल्यावर अर्जाची एक प्रत आपसूक तिकडं गेली होती. चार दिवस ती गाडी तिथं होती. दंतवैद्यांचे पेशंट त्यांना तोंड उघडण्याआधी "तुमचा हात थरथरत नाही ना?" असं विचारू लागले. सेक्रेटरींच्या घराला गिऱ्हाईक आलं होतं, ते इमारतीच्या पाण्याची चौकशी करून निघून गेलं. गणिताच्या सरांना शाळेनं न विचारताच हलके तास दिले. सगळ्यांनी मिळून मला बोल लावला. मी म्हणालो, रकाना सरांनी सुचवला होता. सर म्हणाले, मी रकाना सुचवला, अर्ज नाही.

अर्जाचं उत्तरही आलं. व्यायामासाठी चालणं म्हणजे कामावर जाणं नव्हे. बावन्न सह्या अवैध, एक वैध. आक्षेप निकाली.

मग मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि नाक मुठीत धरून विनंती केली की एकदा प्रत्यक्ष मोजणी करा. सकाळी दोन तास माणूस उभा करा, डोळ्यांनी बघा. साहेब कंटाळून हो म्हणाले. बुधवार ठरला. मला वाटलं, आता कोणाला काही लिहायचं नाही, कबूल करायचं नाही, फक्त रोजच्यासारखं चालायचं आहे. आता कसं चुकेल?

चूक मी केली. मी ही गोष्ट विश्वासानं सेक्रेटरींना सांगितली, म्हणजे बुधवारी कोणी रजा घेऊ नये. त्यांनी लगेच आजूबाजूच्या सगळ्या इमारतींच्या सेक्रेटरींना कळवलं आणि लिफ्टजवळ सूचना लावली: 'बुधवारी सकाळी महापालिकेचे अधिकारी आपल्या येण्याजाण्याची पाहणी करणार आहेत. रहिवाशांनी इमारतीची प्रतिष्ठा राखावी.'

बुधवारी आठ वाजता मी फुटपाथच्या टोकाला रस्ते विभागाच्या मोजणीवाल्याबरोबर उभा होतो. त्याच्या हातात बटण दाबायचं छोटं यंत्र होतं, एक दाब म्हणजे एक माणूस. साडेआठ झाले, फुटपाथ मोकळा. पावणेनऊला इमारतींमागून खोकल्यासारखे आवाज येऊ लागले. वर्षानुवर्षं कव्हराखाली असलेल्या गाड्या एकामागून एक बाहेर पडत होत्या. काहींना मागून ढकलत होते. सेक्रेटरींची 'पुढं लावलेली' गाडी मागूनच आली. दंतवैद्य मेव्हण्याच्या गाडीत होते. गणिताचे सर तीनशे पावलांवरच्या शाळेत जायला टॅक्सीत बसले होते आणि काच खाली करून हात बाहेर काढून बसले होते, म्हणजे कोण आहे ते दिसावं. नऊ वाजता रस्ता गच्च भरला आणि जागच्या जागी थांबला. फुटपाथवर एक कुत्रं झोपलं होतं.

"हे लोक रोज चालतात हो," मी मोजणीवाल्याला म्हणालो.

"असतील. मी आजचं मोजतो."

नऊ वाजून दहा मिनिटांनी ताई आली. तिनं सूचना वाचली होती, तरी रोजचीच साडी आणि रोजचीच पर्स. एका बाजूला अडकलेल्या गाड्यांची रांग आणि दुसऱ्या बाजूला ती, काठी टेकत, तिच्या ठरलेल्या चालीनं. गाड्यांतले सगळे बघत होते, कारण बघायला दुसरं काही नव्हतं. तिनं सेक्रेटरींना मान लववून नमस्कार केला, सरांना "पुस्तक परत करायचं राहिलंय" म्हणून आठवण करून दिली आणि सगळ्यांना मागं टाकून ती आमच्यापाशी पोचली. मला तिचा अभिमान वाटला.

"कामावर?" मोजणीवाल्यानं विचारलं.

"हो."

त्यानं बटण दाबलं. ती पुढं गेली.

"माझंही दाबा," मी म्हणालो. "मी घरून चालत आलोय. रोज येतो."

"तुम्ही ड्यूटीवर आहात. मोजणारे मोजायचे नसतात. पण लेखी द्या, जोडतो." त्यानं वही आणि पेन माझ्यापुढं धरलं. तेवढ्यात साहेबांची गाडी आली. साहेब पाहणीची पाहणी करायला आले होते. ते उतरून माझ्या खांद्यामागं उभे राहिले आणि मी काय लिहितोय ते वाचू लागले.

मी लिहिलं. 'मी वॉर्ड नऊमध्ये राहतो आणि रोज कामावर चालत जातो. माझे सर्व शेजारीही चालत जातात.' सही केली, तारीख घातली. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

साहेबांनी ते पुन्हा एकदा शांतपणे वाचलं. "पण बैठकीत तुम्ही कारनं येतो म्हणालात. इतिवृत्तात आहे."

"ते खोटं होतं, साहेब."

"कोणतं खोटं हे ठरवायला आपल्याकडं पद्धत नाही. परस्परविरोधी विधानं असली की दोन्ही रद्द धरतात." मोजणीवाल्यानं ते पान दुमडलं. माझा खुलासा मागणारी नोटीस संध्याकाळपर्यंत टेबलावर आली.

मोजणीचा निकाल मलाच तक्त्यात भरायचा होता. गाड्यांतून गेलेले चारशे अकरा. चालत गेलेली एक. एक टक्क्याच्या खाली. घरी ताईनं विचारलं, "काय आलं?" मी म्हणालो, "तू एकटी आलीस." ती म्हणाली, "ते मला दिसलं." मग तिनं पर्समधली किल्ली काढून बघितली आणि परत ठेवली.

पुढच्या महिन्यात फुटपाथ फोडला. तीन दिवसांत काम झालं, आमच्या महापालिकेनं इतक्या झपाट्यानं केलेलं दुसरं काम मला आठवत नाही. डांबर थेट इमारतींच्या भिंतींना जाऊन भिडलं. सगळ्यांची एकदा काढलेली गाडी परत आत लावायला जागा राहिली नव्हती, कारण त्या जागा दुसऱ्यांनी धरल्या. गाडी ठेवायला जागा नाही आणि चालायला फुटपाथ नाही, त्यामुळे आता सगळे खरोखरच गाडीनं जातात आणि माझा तक्ता अगदी बरोबर ठरला आहे.

पहिल्या सकाळी ताई नेहमीच्या वेळेला निघाली. "मी एकटी जाईन," असं ती म्हणाली नाही, म्हणून मी बरोबर निघालो आणि गाड्यांच्या बाजूनं चालू लागलो. भिंतीलगत एका माणसापुरतीही जागा नव्हती, म्हणून आम्ही डांबरावर होतो. मागं रांग लागली. पहिली गाडी सेक्रेटरींची होती. त्यांनी बराच वेळ हॉर्न वाजवला नाही, तेवढा सभ्यपणा त्यांनी दाखवला. मग मागच्यांनी वाजवायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी काच खाली केली.

"अहो, ताईंना जरा बाजूला घ्या ना," ते मला म्हणाले.

ताई थांबली. तिनं काठी टेकली, डावीकडं भिंतीकडं पाहिलं, उजवीकडं रस्त्याकडं पाहिलं आणि त्यांच्याकडं वळून विचारलं, "कुठल्या बाजूला?"

तिला खरंच विचारायचं होतं. सेक्रेटरींनी काच वर घेतली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तिचा हात धरला. तो तिनं सोडवून घेतला नाही.